कोड: पसरतंय की थांबलंय, आणि मुलांना होईल का?

निफाड तालुक्यातल्या एका आईचा प्रश्न आलाय. मुलगी चोवीस वर्षांची, सातपूरला कारखान्यात क्वालिटी विभागात नोकरी करते. तीन वर्षांपूर्वी दोन्ही हातांच्या बोटांच्या पेरांवर पांढरे डाग आले, मग ओठांच्या कडेला, आणि गेल्या सहा महिन्यांत कमरेवर आणि नडगीवर. नात्यातल्या कुणीतरी बावचीचं तेल दिलं. ते लावून दुपारी उन्हात बसल्यावर नडगीवर मोठाले फोड आले. घरात आंबट सगळं बंद आहे, अगदी द्राक्षंसुद्धा. आता सिन्नरहून स्थळ आलंय. मुलाकडच्यांना डाग माहीत आहेत, त्यांनी एवढंच विचारलंय की पुढे मुलांना होईल का. धाकटा भाऊ बारा वर्षांचा आहे, त्याला होईल का ही आईची स्वतःची काळजी. शेवटी लिहिलंय, "जे खरं असेल ते सांगा."

ताई, तुमचं पत्र वाचताना मी थांबले ती "गेल्या सहा महिन्यांत नवीन आले" या शब्दांपाशी. कोडाच्या उपचारात पहिला प्रश्न हाच असतो: पसरतंय की थांबलंय? तुमच्या मुलीचं पसरतंय. म्हणजे आधी ते थांबवायचं आणि मग रंग आणायचा. डाग जितका नवा तितका तो उपचारांना चांगला दाद देतो, आणि नेमकी हीच पहिली वर्षं बहुतेक घरांत तेलात, पथ्यात आणि "बघू, जाईल आपोआप" म्हणण्यात निघून जातात. नाशिकमध्ये प्रॅक्टिस करताना मला सगळ्यात जास्त याचंच वाईट वाटतं.

आजार काय आहे ते आधी सांगते. कातडीचा रंग मेलॅनोसाइट नावाच्या पेशी तयार करतात. कोडात शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती या पेशींना परकं समजून मारते. हे काम करणाऱ्या टी पेशी इंटरफेरॉन गॅमा नावाचं रसायन सोडतात, त्याच्या इशाऱ्यावर कातडीतून दुसरी रसायनं निघतात आणि ती आणखी टी पेशींना त्याच जागी बोलावून घेतात. हे चक्र चालू आहे तोवर डाग वाढतो. रक्त खराब होणं, पोटातली उष्णता, पित्त यांचा यात काही भाग नाही. जगात साधारण शंभरात एकाला कोड असतं आणि जवळपास निम्म्या लोकांना ते विसाव्या वर्षाच्या आत सुरू होतं. एका ताटात जेवल्यानं, एक टॉवेल वापरल्यानं, शेजारी झोपल्यानं ते लागत नाही. कुष्ठरोगाशी त्याचं काही नातं नाही. कुष्ठरोगाचा चट्टा फिकट असतो, पांढराशुभ्र नसतो, आणि त्या जागेची संवेदना कमी झालेली असते. कोडाच्या डागावर स्पर्श, टाचणी, गरम-गार सगळं बाजूच्या कातडीइतकंच कळतं.

प्रत्येक पांढरा डाग कोड नसतो हेही लक्षात ठेवा. पाठीवर-छातीवर शिबं येतात, ती बुरशी असते, साध्या औषधानं जाते. लहान मुलांच्या गालावर फिकट, किंचित खवलेदार चट्टे येतात, त्याला घरोघरी जंत नाहीतर कॅल्शियमची कमतरता म्हणतात. ती कोरडी कातडी असते. आणि टिकलीच्या जागी बरोबर टिकलीएवढा पांढरा डाग येतो, तो टिकलीच्या चिकट द्रव्यातल्या रसायनानं रंगपेशी मेल्यामुळे. काही रबरी चपला आणि केसांचे काही कलपही असंच करतात. तसं असेल तर ती वस्तू त्या दिवशीच बंद करायची. तुमच्या मुलीचं मात्र बोटांची पेरं, ओठांची कड आणि दोन्ही बाजूंना सारखं, हे वर्णन कोडाचंच आहे.

दवाखान्यात आम्ही खोली पूर्ण अंधारी करतो आणि वुड्स लॅम्प नावाचा जांभळट दिवा कातडीवर धरतो. साध्या उजेडात हातावर चार डाग दिसत असतात. दिव्याखाली ते निळसर पांढरे चमकतात आणि त्यांच्या आजूबाजूला टाचणीच्या टोकाएवढे आणखी कितीतरी ठिपके उगवलेले दिसतात. असे बारीक ठिपके दिसले की कोड जोरात आहे असं समजायचं. डागाची कड सरळ पांढरी न होता मध्ये एक फिकट तपकिरी पट्टा असेल, तर तेही पसरत असल्याचं लक्षण. गोऱ्या माणसात हा दिवा नसेल तर बरेच डाग नजरेतून सुटतात.

तिसरं लक्षण तुम्ही घरी बघू शकता. कमरेवरचा डाग आडव्या पट्टीसारखा आहे का? परकराची किंवा सलवारची नाडी जिथे बसते, बरोबर त्याच रेषेत? कोड पसरत असताना जिथे कातडी सतत घासली जाते, दाबली जाते किंवा खरचटते तिथे नवीन डाग उमटतो. घड्याळाचा पट्टा, चष्म्याची नाकावरची पकड, अंतर्वस्त्राची पट्टी, जोडवी, चपलेचा अंगठा, टेकून काम करताना घासणारे गुडघे-कोपर, या सगळ्या जागा मी रोज बघते. द्राक्षबागेत काम करणाऱ्या बायकांच्या हातांवर तारेच्या ओरखड्यांच्या रेषेत डाग आलेले असतात. म्हणून नाडी काढून रुंद इलॅस्टिक लावा, आंघोळीला घासणी-वजरी नको, हाताचं खरखरीत काम असेल तेव्हा हातमोजे. औषध लिहून देण्याआधी मी हे सांगते, कारण एकीकडे उपचार आणि दुसरीकडे रोज नाडीचा काच चालू राहिला तर डाग जिंकतो.

तपासण्या थोड्याच लागतात. कोडाबरोबर थायरॉइडचा त्रास बराच आढळतो, म्हणून टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करायची. हिमोग्लोबिन, साखर आणि बी-१२ बघायचं. हजारोंचं पॅकेज नको.

आता पसरणं थांबवण्याबद्दल. कोड वेगानं वाढत असेल तर आठवड्यातले फक्त दोन दिवस तोंडानं स्टिरॉइडची गोळी देण्याची पद्धत आहे. ती दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. जे. एस. पसरिचा यांनी रूढ केली आणि आज जगभर वापरली जाते. स्टिरॉइड म्हटलं की घरचे दचकतात, ते समजू शकते. पण रोज घेणं आणि आठवड्यातून दोन दिवस ठरावीक महिने घेणं यात फरक आहे. वजन, रक्तदाब, साखर, पाळी यांवर लक्ष ठेवायचं आणि तीन ते सहा महिन्यांत बंद करायचं. हे डॉक्टरच्या देखरेखीखालीच. मेडिकलमधून कुणाची चिठ्ठी दाखवून आणून घ्यायची ही गोष्ट नाही.

लावायचं औषध दोन प्रकारचं. अंगावरच्या डागांना ठरावीक काळ स्टिरॉइडचं क्रीम, आणि चेहरा, मान, पापण्या, काखा अशा नाजूक जागांना टॅक्रोलिमस नावाचं, स्टिरॉइड नसलेलं मलम. टॅक्रोलिमस लावल्यावर पहिले काही दिवस चुरचुरतं, बरेच जण तिथेच सोडून देतात. आठवडाभरात ती चुरचुर कमी होते. ओठांच्या कडेला तुमच्या मुलीला हेच योग्य. मेडिकलमध्ये मिळणारी "सगळ्यावर चालणारी" मिश्र क्रीमं, ज्यात स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असतं, ती चेहऱ्यावर कधीही लावू नका. कातडी पातळ होते, लाल शिरा दिसायला लागतात, पुरळ येतं, आणि मग कोडाआधी ते निस्तरावं लागतं.

रंग परत आणण्याचं मुख्य साधन म्हणजे फोटोथेरपी, नॅरोबँड यूव्हीबी. ३११ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश, त्या पेटीत उभं राहायचं, डोळ्यांना काळा गॉगल. आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा, पण लागोपाठच्या दिवशी नाही. सुरुवात काही सेकंदांपासून, मग हळूहळू वेळ वाढवायची. डाग हलकेच गुलाबी व्हावा आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत तो गुलाबीपणा जावा, एवढाच डोस हवा. हा प्रकाश प्रतिकारशक्तीचा हल्लाही शांत करतो, म्हणून पसरणं थांबवण्यातही त्याचा उपयोग होतो.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, म्हणजे पुढे निराशा होणार नाही. रंग डागाच्या मधोमध, केसांच्या मुळांशी बारीक तपकिरी ठिपक्यांच्या रूपात उगवतो. कारण कातडीतल्या रंगपेशी मेल्या तरी केसाच्या मुळाशी, खोलवर, त्यांच्या मूळपेशी शिल्लक असतात. केसाचं मूळ म्हणजे कांद्याच्या रोपाचा वाफा समजा: प्रकाश पडला की तिथून रोपं निघतात आणि आजूबाजूच्या मोकळ्या रानात पसरतात. म्हणून चेहरा, मान, पाठ, दंड, मांड्या इथे रंग चांगला येतो. डागातला केसच पांढरा झाला असेल तर तो वाफाही रिकामा झालेला असतो. आणि बोटांची टोकं, पेरं, तळहात, तळपाय, ओठ इथे केस जवळपास नसतातच, तर रोप येणार कुठून?

म्हणून तुम्हाला स्पष्ट सांगते. नडगी आणि कंबर यांना रंग येण्याची शक्यता चांगली आहे. ओठांच्या बाहेरच्या कडेला बऱ्यापैकी. बोटांच्या पेरांना फार कमी. वर्षभर नियमित फोटोथेरपी घेणाऱ्यांत साधारण तिघांपैकी एकाला डागाच्या तीन चतुर्थांशाहून जास्त रंग परत येतो. चेहरा आणि मानेवर हे प्रमाण अधिक असतं, हातापायाच्या पंजांवर जवळपास शून्य. जो डॉक्टर किंवा वैद्य तीन महिन्यांत पेरं पूर्ण काळी करून देतो म्हणतो, त्याच्याकडे पैसे भरू नका.

धीर लागतो तो असा. पहिला ठिपका दिसायला दोन-तीन महिने लागतात. उपयोग होत नाही असं ठरवण्याआधी बहात्तर सिटिंगपर्यंत वाट बघावी, असा जाणकारांचा सल्ला आहे, म्हणजे आठवड्याला तीन धरल्या तरी जवळपास सहा महिने. निफाडहून नाशिकला आठवड्यातून तीनदा यायचं, नोकरी सांभाळून, हे मला माहीत आहे किती अवघड आहे. मुलगी सातपूरला कामाला आहे तर शिफ्ट सुटल्यावर शहरातच घेता येईल असं बघा. शिकवणाऱ्या रुग्णालयांच्या त्वचारोग विभागात खर्चही कमी येतो. डाग थोडे असतील तर हातात धरायचं छोटं यंत्र घरी वापरता येतं, पण पहिले काही डोस डॉक्टरसमोर घेऊन, वेळ लिहून घेऊन. प्रत्येक महिन्याला त्याच जागी, त्याच उजेडात मोबाइलवर फोटो काढा. रोज आरशात बघणाऱ्याला फरक कळत नाही, महिन्याच्या फोटोत तो दिसतो, आणि मधेच सोडायची इच्छा झाली की ते फोटो उपयोगी पडतात. रंग आल्यावरही उपचार एकदम तोडायचे नाहीत. आठवड्यातून दोनदा टॅक्रोलिमस चालू ठेवलं तर डाग परत येण्याचं प्रमाण बरंच कमी होतं.

नवीन औषधांबद्दल तुम्ही ऐकलं असेल. वर ज्या इंटरफेरॉनच्या साखळीबद्दल सांगितलं, ती साखळी मधेच तोडणारी औषधं आता आहेत, त्यांना जॅक इनहिबिटर म्हणतात. त्यातलं रक्सोलिटिनिबचं क्रीम अमेरिकेत जुलै २०२२ मध्ये बारा वर्षांवरील रुग्णांसाठी मंजूर झालं. कोडाचा रंग परत आणण्यासाठी म्हणून तिथे मंजूर झालेलं ते पहिलंच औषध. चाचण्यांमध्ये साधारण सहा महिन्यांनी दहापैकी तिघांच्या चेहऱ्यावरचा तीन चतुर्थांश किंवा त्याहून जास्त रंग परतला होता, वर्षभरानं जवळपास निम्म्यांच्या. आपल्याकडे टोफासिटिनिब ही संधिवातासाठीची गोळी काही त्वचारोगतज्ज्ञ कोडासाठी वापरतात. तिनं प्रतिकारशक्ती दबते. आपल्या देशात क्षयरोग इतका आहे की छातीचा एक्स-रे आणि क्षयाची तपासणी केल्याशिवाय ती सुरू करणं मला मान्य नाही. लग्न ठरत असलेल्या मुलीला ही गोळी देताना तर दहा वेळा विचार करावा लागतो, त्याकडे पुढे येते.

पेरांसाठी आणि ओठांसाठी शस्त्रक्रियेचा पर्याय उरतो, पण कोड किमान वर्षभर जागचं हललं नसेल तरच. मांडीवरून कातडीचा अगदी पातळ थर काढतात, त्यातल्या पेशी सुट्या करून डागावर पसरतात. थोड्या कातडीत दहापट मोठी जागा झाकता येते. रंग जुळायला काही महिने जातात. एका बाजूला, एका पट्ट्यात येणारं कोड असतं, सेगमेंटल म्हणतात त्याला. ते लहान वयात येतं, काही महिने भराभर वाढतं आणि मग थांबतं. शस्त्रक्रियेचा सर्वांत चांगला निकाल त्या प्रकारात मिळतो. तुमच्या मुलीचं अजून पसरतंय, तेव्हा आत्ता कुणी शस्त्रक्रियेची तारीख देत असेल तर नको म्हणा. पसरत्या कोडात जिथून कातडी काढली तिथेही डाग येतो.

बावचीबद्दल. ज्यांनी दिलं त्यांच्यावर रागावू नका. बावची आपल्याकडे शेकडो वर्षांपासून कोडावर वापरली जाते आणि त्यात तथ्य आहे. तिच्यात सोरालेन असतं, जे कातडीला उन्हाच्या बाबतीत फार संवेदनशील करतं. इजिप्तमध्येही अशाच एका वनस्पतीवर हा उपचार चालत असे. तिथे १९४० च्या दशकात एल मोफ्ती या डॉक्टरांनी त्यातल्या शुद्ध द्रव्याचा उपयोग दाखवून दिला आणि त्यातून आधुनिक फोटोथेरपी उभी राहिली. अडचण मापाची आहे. तेलात सोरालेन किती, ऊन किती तीव्र, बसलात किती वेळ, यातलं काहीच मोजलेलं नसतं. नाशिकच्या एप्रिल-मेच्या दुपारी पाच मिनिटंही जास्त होतात. मग फोड येतात, जखम होते, आणि जखमेच्या जागी कोड आणखी पसरतं. तुमच्या मुलीच्या नडगीचा डाग फोडांनंतर वाढला का, ते आठवून बघा. बावचीचं चूर्ण पोटात घेऊन यकृताला सूज आल्याचीही उदाहरणं नोंदलेली आहेत. तेव्हा तेल बंद, चूर्ण तर नकोच. फोड आलेल्या जागेची जखम पूर्ण भरेपर्यंत तिथे दुसरं कुठलंही औषध स्वतःहून लावू नका.

आणि द्राक्षं खाऊ द्या तिला. निफाडच्या मुलीला तीन वर्षं द्राक्षं बंद, लिंबू बंद, चिंच बंद, दही बंद, हे ऐकून मला फार वाईट वाटलं. आंबट खाल्ल्यानं कोड वाढतं याला आधार नाही. दूध आणि मासे एकत्र खाल्ल्यानं कोड होतं, यालाही नाही. मिसळीवर लिंबू पिळून खुशाल खाऊ द्या. तांब्याच्या भांड्यातलं पाणी प्यायला हरकत नाही, पण त्यानं रंग येईल या आशेवर महिने काढू नका. पथ्यानं एकच गोष्ट नक्की होते: घरातलं माणूस प्रत्येक घासाला आपण आजारी आहोत असं स्वतःला सांगत राहतं, आणि डाग वाढला की आपणच काहीतरी खाल्लं म्हणून स्वतःला दोष देतं. तिचा यात काही दोष नाही, हे तिला तुम्ही तोंडानं सांगा.

आता मुलाकडच्यांचा प्रश्न. त्यांनी विचारला हे मला आवडलं. मनात ठेवून नकार देण्यापेक्षा विचारणं कितीतरी चांगलं.

कोड वंशात येऊ शकतं, पण एका जनुकानं येणारा हा आजार नाही. आई किंवा वडिलांकडून एक दोषी जनुक आलं की आजार झालाच, असं काही आजारांत असतं, इथे तसं नाही. आतापर्यंत कोडाशी संबंधित अशी सुमारे पन्नास जनुकं सापडली आहेत आणि त्यातलं प्रत्येक थोडासा धोका वाढवतं. त्यातली बरीचशी प्रतिकारशक्तीची आहेत, काही रंगपेशींची. आई-वडिलांपैकी एकाला कोड असेल तर मुलाला होण्याची शक्यता साधारण शंभरात पाच ते सात. म्हणजे शंभरांतल्या नव्वदहून जास्त मुलांना आयुष्यात कधीच होत नाही. ज्यांच्या घरात कुणालाही कोड नाही त्यांच्यातही शंभरात एकाला होतंच, आणि माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या घरात दुसऱ्या कुणालाही नसतं. सगळ्यात बोलका पुरावा जुळ्यांचा आहे. एकसारख्या जुळ्यांची जनुकं तंतोतंत सारखी असतात. कोड निव्वळ वंशानं येत असतं तर एकाला झालं की दुसऱ्याला झालंच पाहिजे होतं. प्रत्यक्षात दोघांनाही असल्याचं प्रमाण साधारण २३ टक्के निघालं. म्हणजे जनुकं सारखी असूनही चारपैकी तीन जोड्यांत दुसरा भाऊ किंवा बहीण मोकळी राहते.

रंगपेशींच्या जनुकांपैकी एक टायरोसिनेजचं आहे, ज्याच्यावर रंग तयार होणं अवलंबून असतं. त्याचा जो प्रकार कोडाचा धोका वाढवतो, तोच मेलॅनोमा या कातडीच्या गंभीर कर्करोगाचा धोका कमी करतो. शरीर त्या पेशींवर जरा जास्तच नजर ठेवतं, असा त्याचा अर्थ. हे मी मुलाकडच्यांना मुद्दाम सांगते, कारण "खराब जनुक" हा शब्द घरात रुजला की तो काढणं अवघड जातं.

मुलाच्या घरी कुणाला कोड आहे का, तेही विचारा. दोन्हीकडून असेल तर शक्यता वाढते, आणि मामेभावाशी किंवा आतेभावाशी नातं जुळवताना ही गोष्ट लक्षात घ्यायला हवी. कोडासाठी लग्नाआधी करावी अशी कुठलीही जनुकीय तपासणी आज उपयोगाची नाही; कुणी सुचवली तर पैसे वाचवा. आणि एक तुलना त्यांच्यासमोर ठेवायला हरकत नाही: वडिलांना किंवा आईला मधुमेह असेल तर मुलांना तो होण्याची शक्यता यापेक्षा कितीतरी जास्त असते, पुढे डोळे, मूत्रपिंड, हृदय यांना धोका असतो. तरी मधुमेही घरातलं स्थळ त्या कारणानं कुणी मोडत नाही. कोडानं आयुष्य कमी होत नाही, मूल होण्यात अडचण येत नाही, बाळंतपणात वेगळं काही करावं लागत नाही.

नातेवाइकांपैकी कुणी कायद्याची भीती घालत असेल तर तेवढ्यासाठी सांगते: हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाच्या कारणांमध्ये कुष्ठरोगाचा उल्लेख होता, तोही २०१९ मध्ये काढला गेला. कोड त्या यादीत कधीच नव्हतं.

लग्न ठरलं तर उपचारांचा क्रम डॉक्टरांना आधी सांगा. नॅरोबँड यूव्हीबी गरोदरपणातही देता येतं, फॉलिक ॲसिडची गोळी मात्र नियमित घ्यावी. टोफासिटिनिब आणि काही वेळा दिलं जाणारं मेथोट्रेक्सेट ही औषधं गरोदरपणात चालत नाहीत, आणि मूल हवं असेल त्याच्या पुरेसं आधी ती बंद करावी लागतात. आठवड्यातल्या दोन दिवसांच्या गोळ्यांचंही तसंच, आधीच ठरवून संपवायच्या. म्हणून लगेच मूल हवं की वर्ष-दोन वर्षांनी, हे तिनं मोकळेपणानं डॉक्टरला सांगायला हवं, आणि तो निर्णय तिचा आणि होणाऱ्या नवऱ्याचा असू द्या.

हळदीला हरकत नाही. साधी पानांची मेंदी चालते, उलट पेरांवरचे डाग तिनं काही दिवस छान झाकले जातात. पण "काळी मेंदी" किंवा पाच मिनिटांत गडद होणारा कोन हाताला लागू देऊ नका. त्यात केसांच्या कलपातलं रसायन घालतात, त्यानं कातडी भाजते आणि कोड पसरतं. हिरवा चुडा घालताना मनगट ओढून, साबण लावून घट्ट बांगड्या चढवू नका, एक माप मोठा घ्या. समारंभाच्या दिवशी झाकायचं असेल तर पाण्यानं न उतरणारा कॅमोफ्लाज मेकअप मिळतो. झाकायचं की नाही हे मात्र तिला विचारा, तिच्यासाठी परस्पर ठरवू नका. ओठांवर रंग गोंदवून घ्यायचा सल्ला कुणी दिला तर आत्ता नको, सुईच्या जखमांनी डाग वाढेल. रोजच्या उन्हासाठी डागांवर सनस्क्रीन आणि पूर्ण बाह्या. पांढऱ्या कातडीला ऊन लवकर लागतं, आणि बाजूची कातडी रापली की डाग आणखी उठून दिसतो.

पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी कोड असलेल्यांसाठी श्वेता असोसिएशन हा स्वमदत गट सुरू केला. त्यांना स्वतःला कोड आहे. तुमची मुलगी आमच्यासारख्या डॉक्टरांशी जे बोलणार नाही ते ती अशा ठिकाणी बोलेल. तिला एकदा घेऊन जा, लग्न ठरो वा न ठरो.

धाकट्यासाठी: सख्ख्या भावंडाला होण्याची शक्यताही शंभरात साधारण सहा. त्याला आधीपासून कुठलं औषध, कुठलं पथ्य नको, कारण कोड येऊ नये म्हणून देता येईल असं काहीच नाही. रोज कपडे काढून त्याचं अंग तपासू नका, बारा वर्षांच्या मुलाच्या मनात त्यानं नको ती भीती बसते. पांढराशुभ्र डाग दिसला, पापणीचा किंवा भुवईचा केस अचानक पांढरा झाला, तर पंधरा दिवसांत दाखवा. एवढंच. लहान वयात लवकर सुरू केलेल्या उपचारांना फार चांगला प्रतिसाद मिळतो.

मुलीला मात्र याच महिन्यात त्वचारोगतज्ज्ञाकडे न्या. येताना मोबाइलमधले गेल्या तीन वर्षांतले फोटो, ज्यात हात आणि चेहरा स्पष्ट दिसतो, ते बाजूला काढून ठेवा. कोड कधी हललं ते त्यावरून कळतं. आतापर्यंत लावलेल्या सगळ्या क्रीमच्या ट्यूब, रिकाम्या असल्या तरी, आणि बावचीच्या तेलाची बाटली पिशवीत घाला. टीएसएच आधी झाली असेल तर तो कागद आणा. ती कारखान्यात हातानं काय काय हाताळते, कुठलं द्रावण, कुठलं रबर, हेही तिला विचारून ठेवा. आणि सिन्नरच्या मंडळींपैकी मुलगा स्वतः यायला तयार असेल तर त्यालाही घेऊन या. त्याचे प्रश्न त्याला डॉक्टरलाच विचारू द्या; नंबर लावतानाच थोडा जास्त वेळ मागून घ्या.